इद्रियाची लेस आणि ती गुंफणाऱ्या स्त्रिया

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात युरोपातील हस्तकलांविषयी जो सचित्र लेख आला, त्यात स्लोव्हेनियातील इद्रिया या गावच्या लेसचे एक मोठे आणि अतिशय स्वच्छ छायाचित्र होते. मराठी दैनिकाने या विषयाला अर्धे पान द्यावे, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या छायाचित्राखाली ‘क्रोशाची लेस’ असे छापले होते आणि मजकुरात या कामाचा उल्लेख ‘मरणपंथाला लागलेली कला’ असा केला होता. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. मी एका माध्यमिक शाळेत तीस वर्षे शिवण आणि भरतकाम शिकवले असून निवृत्तीनंतर मुलीकडे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियाना येथे राहत असताना दोन उन्हाळे इद्रियाला जाऊन हे काम हाताने करून पाहिले आहे. म्हणून ही दुरुस्ती सविस्तर लिहून पाठवीत आहे.

क्रोशाशी गल्लत का झाली असावी, याचा अंदाज मला आहे. आपल्या छायाचित्रात उशीच्या कडेला क्रोशाची एक बारीक सुई पडलेली दिसते. इद्रियाच्या लेसमध्ये ती सुई खरोखरच वापरतात, पण केवळ जोडण्यासाठी. या लेसची एक अरुंद पट्टी वळणे घेत जाते आणि जेथे ती आधी तयार झालेल्या पट्टीला येऊन भिडते, तेथे सुईने दोऱ्याचा फास ओढून घेऊन दोन कडा एकमेकींत अडकवतात. बाकीचे सर्व काम बोटांनी आणि लाकडी बॉबिनने होते. क्रोशाच्या कामात एकच दोरा असतो आणि त्याच्या साखळ्या व खांब एकातून एक काढत जायचे असतात. म्हणूनच दोऱ्याचे टोक ओढले की दिवसभराचे काम क्षणात उसवते. बॉबिनच्या लेसमध्ये फासही नसतात आणि दोराही एक नसतो. ही लेस गुंफलेली असते.

मुलीची तिपेडी वेणी घालणाऱ्या कोणत्याही आईला हे काम पाच मिनिटांत समजेल. वेणीत तीन पेड असतात. येथे पेडांच्या जागी दोऱ्यांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बॉबिन लटकत असते. बॉबिन म्हटल्यावर आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे शिवणयंत्रातील पत्र्याची चकती येईल. ही बॉबिन तशी नसते. ती लेथवर घडवलेली, भातुकलीतल्या लाटण्याएवढी लाकडी दांडी असते. तिच्या मानेवर दोरा गुंडाळलेला असतो आणि तिच्या वजनानेच दोरा ताणलेला राहतो. समोर लाकडाच्या भुशासारख्या भरणाने घट्ट भरलेली लोडासारखी गोल उशी असते, तिच्यावर नमुन्याचा कागद लावलेला असतो आणि जेथे दोरे वळायचे तेथे टाचण्या टोचत जायचे असते. एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार बॉबिन हातात घ्यायच्या. हालचाली दोनच. मधल्या दोन बॉबिनपैकी डावीकडची उजवीवरून पलीकडे न्यायची, हा झाला ओलांडा. आणि प्रत्येक जोडीतली उजवी बॉबिन डावीवर आणायची, हा झाला पीळ. हे दोन शब्द मी माझ्या सोयीसाठी योजले आहेत, कोणाला अधिक चांगले सुचले तर अवश्य कळवावेत. ओलांडा, पीळ, ओलांडा असे क्रमाने करत गेले की कापडासारखे घट्ट पोत तयार होते. शेवटचा ओलांडा गाळला की त्याच जोड्यांतून मोकळी, तिरपी जाळी उमटते. बेल्जियमकडील फ्लँडर्स या प्रदेशातील अत्यंत गुंतागुंतीच्या लेसमध्ये शेकडो बॉबिन एका उशीवर असतात, इद्रियाच्या साध्या पट्टीला सात-आठ जोड्या पुरतात. परंतु दोन्हीकडे हालचाली याच.

कोकणात किंवा गोव्यात शिगम्याच्या वेळी ज्यांनी गोफ पाहिला आहे, त्यांना मी याहून नेमके उदाहरण देऊ शकणार नाही. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचणारे एकमेकांना ओलांडत जातात आणि वर गोफ विणला जातो. मग तेच पदन्यास उलट क्रमाने नाचून तो सोडवतात. इद्रियाला माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात एका जागी पिळाऐवजी ओलांडा झाला आणि ती चूक मला बोटभर लेस पुढे गेल्यावर, जाळीतल्या एका तिरक्या दोऱ्यावरून लक्षात आली. माझ्या हाताला क्रोशाची सवय, म्हणून मी दोरा ओढून पाहिला. काहीच सुटले नाही. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाईंनी माझी उशी स्वतःकडे ओढून घेतली, एकेक टाचणी काढत, प्रत्येक जोडी उलट दिशेने ओलांडत त्या माझ्या चुकीपर्यंत मागे गेल्या आणि तेथे बॉबिन माझ्या हातात देऊन पुन्हा आपल्या कामाला लागल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला स्लोव्हेनियन येत नव्हते, आणि त्या दुपारी भाषेची गरजही भासली नाही. चार बोटे लांबीची पहिली पट्टी पूर्ण व्हायला मला तीन दुपारी लागल्या.

आता दुसऱ्या विधानाकडे वळते. इद्रिया हे अरुंद दरीत वसलेले पाऱ्याच्या खाणीचे गाव. तेथील दंतकथा सांगते, की १४९० मध्ये लाकडी पिंपे बनवणाऱ्या एका कारागिराने आपले भांडे ओढ्यात भिजत ठेवले आणि त्याच्या तळाशी त्याला चकाकणारा, जड द्रव सापडला. पुढे स्पेनमधील अल्मादेननंतर जगातील सर्वांत मोठी पाऱ्याची खाण तेथे चालली. पाऱ्याच्या वाफेने कामगारांचे हात कापत, दात पडत. ऐन उमेदीत त्यांचे कामाचे दिवस संपत. खाणीच्या मजुरीत घर भागत नसे, म्हणून त्यांच्या बायका-मुली लेस करत. इद्रियातील लेसचा पहिला लेखी उल्लेख १६९६ चा आहे. जर्मनीत सॅक्सनीच्या डोंगराळ खाणपट्ट्यातही सोळाव्या शतकापासून हेच घडले होते. तेथील आनाबेर्ग गावात लेसचा मोठा व्यापार उभा करणाऱ्या बार्बारा उटमान यांचे नाव आजही घेतले जाते. खाण आणि लेस हे जोडनाते मला आपल्या लेखातील कोणत्याही सौंदर्यवर्णनापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते, कारण हातरुमालाची ती पांढरी शुभ्र किनार कोणत्या घरांतून आली हे त्यावरून कळते. युनेस्कोने इद्रिया आणि अल्मादेन यांच्या पाऱ्याच्या वारशाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि स्लोव्हेनियातील बॉबिन लेसच्या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत २०१८ मध्ये नोंद केली. शेजारच्या क्रोएशियातील लेसची नोंद त्याआधीच, २००९ मध्ये झाली होती आणि तीत लेपोग्लावा या गावची बॉबिन लेसही आहे.

याच इद्रियात १८७६ मध्ये लेसची शाळा सुरू झाली. इवाना फेर्यांचिच ही तिची पहिली शिक्षिका, व्हिएन्नाला जाऊन प्रशिक्षण घेऊन आलेली. त्या वेळी तेथे ऑस्ट्रिया-हंगेरीचे राज्य होते. पहिल्या महायुद्धानंतर गाव इटलीकडे गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात आले आणि १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनियात आहे. राज्ये बदलली, सरकारी भाषा बदलल्या, खाणही बंद पडली. शाळा मात्र बंद पडली नाही. २०२६ मध्ये तिला दीडशे वर्षे पूर्ण होतात. गावातील मुले आपली नेहमीची शाळा सांभाळून या शाळेत येतात, मुलींबरोबर मुलगेही येतात, आणि जूनमध्ये लेसचा उत्सव भरतो तेव्हा लहान-मोठ्यांच्या स्पर्धा होतात. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण मला तेथे संग्रहालयापेक्षा वर्ग अधिक पाहावासा वाटला. आठ-नऊ वर्षांची मुले उशीला टेकून बसलेली होती आणि साऱ्या खोलीत बॉबिन एकमेकींवर आपटण्याचा, दूर कोठे टिपऱ्या चालू असाव्यात तसा बारीक आवाज भरून होता. कोणीही पाहुण्यांसाठी काम करून दाखवत नव्हते. जी कला शाळेच्या वेळापत्रकात आहे, तिला मरणपंथाला लागलेली म्हणणे मला पटत नाही.

इद्रियापुरतेच हे खरे आहे असेही नाही. बेल्जियममध्ये ब्रुज येथे लेसचे केंद्र आहे, फ्रान्समध्ये ल पुई येथे १९७० च्या दशकात शिकवणीचे केंद्र आणि पाठोपाठ राष्ट्रीय कार्यशाळा स्थापन झाली, इंग्लंडमध्ये ‘लेस गिल्ड’ ही संघटना याच दशकातील, स्पेनच्या गॅलिशियात कामारिन्यास आणि पोर्तुगालमध्ये व्हिला दो कोंदे ही गावे या कामासाठीच ओळखली जातात, रशियात वोलोग्दा आहे. या सर्वांना जोडणारी, बॉबिन आणि सुईच्या लेसची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. तिचे अधिवेशन दर दोन वर्षांनी निरनिराळ्या देशात भरते आणि २०१६ मध्ये ते लुब्लियाना येथे भरले होते. यांतील बहुतेक स्त्रियांचे पोट या कामावर चालत नाही, हे खरे आहे. परंतु पूर्वी ज्यांचे चालत होते, त्यांचे कसे चालत होते, हे आपल्या लेखात आले असते तर ‘लेसचे सुवर्णयुग’ हा शब्दप्रयोग लेखकाने कदाचित इतक्या सहज केला नसता.

त्या सुवर्णयुगाबद्दल थोडे सांगायला हवे. सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हेनिसमध्ये या लेसच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले, आणि झुरिक येथे १५६१ मध्ये निघालेल्या नमुना-पुस्तकात, ही कला व्यापाऱ्यांनी इटलीतून १५३६ च्या सुमारास तेथे आणली, असे नमूद आहे. पुढची अडीचशे वर्षे दरबारी पुरुषांच्या गळ्याभोवती, मनगटांवर, अगदी बुटांवरही लेस होती. ती करणाऱ्या बायका मात्र दोरा व्यापाऱ्याकडून उधार घेत आणि तयार लेस त्याच व्यापाऱ्याला त्याने ठरवलेल्या भावाने देत. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात तर अनेकींना मजुरी पैशात मिळतच नसे. व्यापाऱ्याच्याच दुकानातील चहा-साखर, कापड त्यांच्या पदरी पडे. पाच-सहा वर्षांच्या मुलींना तथाकथित लेस-शाळांत बसवत, जेथे अक्षरओळख नावापुरती आणि काम दिवसभर. टाचण्या मोजण्याची गाणी त्या मुली एका सुरात म्हणत, म्हणजे हात मंदावत नसत. ब्रिटिश सरकारने मुलांच्या मजुरीची जी चौकशी केली, तिच्या १८४३ च्या अहवालात लेसच्या धंद्यातील मुलांचीही हकीकत आहे. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवत आणि त्या गोळ्यांतून एकवटलेल्या उजेडाच्या ठिपक्यात चार-पाच जणी आपापली उशी धरून बसत. त्या ठिपक्यात पांढरा दोरा पांढऱ्या दोऱ्यावरून नेताना डोळ्यांचे काय होत असेल, हे ज्यांनी रात्री दिव्याखाली काज केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

यंत्रानेही या बायकांना विचारले नाही. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ मध्ये, बॉबिन लेसच्या जाळीत दोरे एकमेकांना जसा पीळ घालतात तोच पीळ घालणारे यंत्र बनवून त्याचे हक्क घेतले. १८१६ मध्ये लाफबरो येथील त्यांच्या गिरणीवर हल्ला होऊन ५५ यंत्रे फोडली गेली आणि ते गिरणी घेऊन डेव्हनमधील टिव्हर्टनला गेले, म्हणजे नेमके हातलेसच्या मुलखात. यंत्रे फोडणारे गिरणीधंद्यातले पुरुष होते, त्यांची इतिहासात नोंद झाली. झोपडीच्या दाराशी उशी घेऊन बसणाऱ्या बाईचा भाव घसरत गेला, तो कोठे दंगा न होता. त्यानंतर व्हिक्टोरिया राणीने १८४० मधील आपल्या लग्नासाठी डेव्हनची लेस मुद्दाम मागवली, तेव्हा बिअर या किनाऱ्यावरच्या लहानशा गावात दोनशेहून अधिक बायकांना काही महिने काम मिळाले. ही गोष्ट सर्वत्र कौतुकाने सांगितली जाते आणि राणीचा हेतूही चांगलाच होता. तरीही एका लग्नाच्या पोशाखाने दोनशे घरांची चूल पेटावी, अशी पाळी त्या गावावर आली होती, हे मला त्यातून अधिक दिसते.

पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर दोरा येणे थांबले. तेव्हा बेल्जियमला धान्य पुरवणाऱ्या मदत आयोगामार्फत दोरा आत पाठवण्याची आणि तयार लेस बाहेर नेऊन विकण्याची परवानगी मिळाली आणि हजारो बायकांना आधार झाला. त्या काळातील लेसमध्ये फुलापानांच्या जागी दोस्त राष्ट्रांची राजचिन्हे, सिंह, गरुड, सालांचे आकडे गुंफलेले दिसतात. आजच्या संग्रहालयांत ‘मेकलिन’, ‘बँश’, ‘व्हॅलेन्सिएन’, ‘शांतिली’ अशी गावांची नावे लेसखालच्या पाट्यांवर असतात; ती कोणी केली, हे जवळजवळ कोठेही नसते. आपल्या लेखातही लेसची सहा नावे आहेत, आणि लेस करणाऱ्या एकाही स्त्रीचे नाव नाही. ही उणीव लेखकाची एकट्याची नाही, हे मी जाणते, पण ती उणीव आहे.

खऱ्या-खोट्याचाही प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी बेल्जियममधील एका पर्यटनाच्या गावात मी ‘हातची लेस’ म्हणून एक गोल रुमाल बऱ्यापैकी किंमत देऊन घेतला. तो यंत्राचा निघाला, आणि हे मला काम शिकल्यानंतर, घरी भिंगातून पाहताना कळले. दुकानदाराने मला फसवले याचे दुःख कमी, पण त्याच गल्लीत कोणी बाई महिनाभर बसून असा रुमाल करत असेल तर तिच्या वस्तूची किंमत माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला अवाजवी वाटणार, याचे अधिक आहे. आपले वाचक हल्ली युरोपच्या सहलींना मोठ्या संख्येने जातात, म्हणून सांगते: हातच्या लेसमध्ये पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ये-जा करणारा दोरा नजरेने पकडता येतो आणि टाचणीजवळ वळून परत येताना दिसतो. यंत्राच्या भरतकामी लेसमध्ये दोरे एकमेकांवर दाटीने शिवल्यासारखे दिसतात आणि कडेला बारीक लव असते. खात्री नसेल तर, ही कोणी केली, कोठे केली, किती दिवसांत केली, असे विचारावे. जिने स्वतः केली आहे ती बाई हे आनंदाने, उशी पुढे ओढून सांगते.

आपल्या उपखंडात ही लेस अजिबात आली नाही, असेही नाही. श्रीलंकेत गॉल आणि वेलिगामा भागात तिला ‘बीरळू’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘बिल्रोश’ म्हणजे बॉबिन या शब्दावरून आला. तमिळनाडूतील नागरकोइल येथे लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या दशकात मुलींना ती शिकवली. मात्र आपल्याकडील घरांतून रुजले ते क्रोशाचे काम, आणि त्यामुळे पांढऱ्या जाळीदार कामाला सरसकट ‘क्रोशा’ म्हणण्याची आपली सवय समजण्यासारखी आहे. आपल्या छायाचित्राखालच्या ओळीला मी दोष देते तो या सवयीपुरताच.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढील रविवारच्या अंकात त्या छायाचित्राखालील ओळ ‘इद्रियाची बॉबिन लेस’ अशी दुरुस्त करावी. आणि शाळेच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने आपण पुन्हा या विषयावर काही छापणार असाल, तर तयार लेसऐवजी उशीवरचे अर्धवट काम छापावे, ज्यात टाचण्या अजून टोचलेल्या आहेत, बॉबिन दोन्ही बाजूंना पसरलेल्या आहेत आणि ज्या बाईचे किंवा मुलाचे ते काम आहे त्याचे हात दिसत आहेत. आणि त्या व्यक्तीची परवानगी घेऊन खाली तिचे नाव द्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, सातारा